एकट्याचं पथ्य

पांढुर्णा
८ जानेवारी

तीर्थरूप ताई,

शालिकचा नमस्कार. तू बरी असशील, राजू आणि सूनबाई पूनम बरे असतील. मीही बरा आहे, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल.

इकडं थंडी चांगली पडून राहिली आहे. आंबिया बहाराची संत्री संपत आली. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून लोक ‘आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी राहतो’ असं छाती काढून सांगतात. डास मात्र तेच आहेत, तहसिलीच्या काळातले. त्यांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

तुला वाटेल, बोरगाव काही विलायतेत नाही, फोन आहे, मग या काळात कागद कशाला. तर ताई, तुझ्या कानांमुळे. फोनवर तुला काही सांगायचं म्हणजे मी ते पूनमला सांगतो, ती तुझ्या कानाशी ओरडते, तू तिला ओरडून परत विचारतेस, आणि जे मला फक्त तुला सांगायचं असते ते सौंसरच्या बसस्टँडपर्यंत पोचते. परवा इथल्या बाजारात तुमच्या बोरगावचा एक माणूस भेटला. मी त्याला ओळखत नाही. तो म्हणाला, “काय मामा, शुगर उतरली का नाई?” म्हणून हे पत्र. बसवरचे भैय्याजी कंडक्टर ते राजूच्या दुकानात देतील. पाकीट डिंकानं घट्ट चिकटवलं आहे. सुनेवर माझा पूर्ण विश्वास आहे. डिंक तिच्या उत्सुकतेसाठी आहे.

तर शुगर. डॉक्टर पोरगाच आहे, पण ‘काका’ म्हणून असा दम देतो की आमच्या शाळेच्या ऑफिसात हेडमास्तरनं मला कधी दिला नसेल. “काका, होळीच्या आधी परत तपासू. खाली आली तर ठीक, नाही तर इन्सुलिन, रोज सुई.” हे श्रुतीच्या कानावर गेलं. पोरगी पुण्याहून फोनवर म्हणाली, “बाबा, सुई लागली की तुम्ही पुण्याला. विषय संपला.” तिचा आवाज अगदी तिच्या आईचा निघाला, त्यामुळे मी वाद घातला नाही.

पुण्याला जायला माझी ना नाही, नोकरीही संपतच आली. पण त्यांचं घर बाराव्या मजल्यावर. ती आणि जावईबापू सकाळी निघतात ते दिवेलागणीनंतर येतात. दिवसभर मी तिथं काय करू? खिडकीतून खाली पाहू तर माणसं मोहरीसारखी दिसतात.

तेव्हा होळीपर्यंत मला पथ्यानं खायचं आहे. त्यासाठी श्रुतीनं एक आहारवाल्या मॅडम लावून दिल्या. त्या मोबाईलच्या पडद्यावर येतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “सर, हेल्दी खायचं ठरवलं की आधी आपली प्रायोरिटी ठरवायची असते. तुमची काय? वजन? एनर्जी? शुगर? चव?”

मी म्हटलं, “मॅडम, अजून काही ऑप्शन?”

म्हणाल्या, “वेळ वाचवणं पण असू शकते, सर.”

वेळ वाचवून मी कुठं ठेवू, ताई? मी ‘शुगर’ म्हटलं. त्या खूश झाल्या. मग भात बंद, साबुदाणा बंद, बटाटा बंद, तर्री-पोहे बंद, चहातली साखर बंद. एवढं बंद तर कर्फ्यूतही नसते. त्याऐवजी ओट्स. ओट्स म्हणजे काय ते तुला कसं सांगू? आरागिरणीत लाकूड चिरताना खाली जे पडते ते दुधात शिजव, आणि वरून बदाम ठेव, म्हणजे त्याला लाज वाटणार नाही.

दोन्ही वेळच्या ताटाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. ग्रुपचं नाव ‘फिट बाबा’. त्यात मी, श्रुती, जावई संदीप आणि मॅडम. फोटो टाकला की तिघंही अंगठा दाखवतात. लहानपणी आपल्याला कोणी अंगठा दाखवला तर आपण रडत होतो. आता त्याला कौतुक म्हणतात.

स्मिता गेल्यावर स्वयंपाक मला येईल की नाही अशी सगळ्यांना शंका होती. येतो. भाकर टम्म फुगते. मेथी निवडता येते. तुरीच्या वरणाला लसणाची फोडणी अशी देतो की शेजारच्या प्रमिलाबाई भिंतीपलीकडून शिंकतात. तेव्हा माझ्या खाण्याची काळजी करू नको. व्यवस्थित चाललं आहे.

डोळ्यांत थेंब टाकत जा. राजूला आशीर्वाद.

तुझा,
शालिक


पांढुर्णा
१२ फेब्रुवारी

तीर्थरूप ताई,

नमस्कार. तुझं उत्तर नाही. भैय्याजी शपथेवर सांगतात की पाकीट दिलं, आणि कंडक्टर माणूस सुट्टे नाहीत हे सोडून दुसरं खोटं बोलत नाही. तेव्हा तू लिहायचा आळस करून राहिलीस, असं समजतो.

थंडी उतरली. प्रमिलाबाईंची गाय व्याली, कालवड झाली. गाय अंगानं भरली आहे, तुकतुकीत दिसते. त्याचं कारण इथं फक्त मला माहीत आहे, आता तुला सांगतो. हे श्रुतीपर्यंत जाता कामा नये.

मी ताट वाढतो. भाकर, पालेभाजी, वरण, काकडी, गाजर, बाजूला फुटाणे. फोटो चांगला यावा म्हणून ताट खिडकीशी नेतो. फोटो काढतो, पाठवतो, तीन अंगठे येतात. मग ताट उचलून मागच्या दारानं गायीला घालतो. शुगरच्या पेशंटचं इतकं काटेकोर पथ्य मध्यप्रदेशात दुसऱ्या कोणत्या जनावराला मिळत नसेल.

आणि मी? मी आवतनावर आहे.

हसू नको. लग्न आहे, साक्षगंध आहे, बारसं, तेरवी, कोणाच्या शेतात रोडग्यांचं जेवण, कुठं मंदिरात भंडारा. गाव मोठं आहे आणि लोक जन्मायचे किंवा मरायचे थांबत नाहीत. आवतनाचे प्रकार तुला माहीत आहेत. घरटी एक म्हटलं की घरातल्या एका माणसानं जायचं. चूलबंद म्हटलं की सगळ्यांनी, घरी चूलच पेटवायची नाही. आता माझ्याकडं काय होते, की मी एकटा गेलो तरी मागं चूल बंदच. सगळ्या पांढुर्ण्यात दोन्ही आवतनं सारखी असलेलं घर माझंच. त्यामुळे कोणी ‘घरटी एक’ म्हणून गेला की मला उगाच वाटते, आपल्याला चूलबंदचा मान मिळाला.

आणि ज्यांनी आवतन दिलं नाही त्यांच्याकडंही मी जातो. पंगतीत कोण कोणाला विचारते? पांढरा शर्ट आणि दुःखी चेहरा असला की तेरवीत चालते. लग्नाला चेहरा तेवढा बदलायचा.

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेचा शिपाई अमोल म्हणाला, “बाबूजी, तिगावले तेरवी हाय, माह्या साळ्याच्या घराशेजारी. चालता काय? बुंदी हाय म्हणते.” मेलेला माणूस मनोहरराव म्हणून कोणी होता. ना मी त्याला पाहिलं, ना त्यानं मला. गेलो अमोलच्या गाडीवर मागं बसून. थंडीचं म्हणून संदीपरावांनी दिवाळीत दिलेलं जाकीट घातलं होतं. तेच भोवलं.

मांडवात जेवणाआधी श्रद्धांजली सुरू होती. माईकवर एक जण रडून राहिला होता, दुसरा माईक ठीक करून राहिला होता. तेवढ्यात कोणीतरी माझं जाकीट पाहिलं. “हे साहेब नागपूरवरून आले. साहेब, दोन शब्द.”

मी म्हटलं, “अहो नाही, मी तर...”

“संकोच करू नका, साहेब. मनोहररावचे लय दूरदूरचे दोस्त होते.” आणि माईक माझ्या हातात.

अमोल खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत बसला.

आता ज्याचं नावसुद्धा मांडवात शिरताना कळलं, त्याच्याबद्दल काय बोलावं? पण शाळेत बाबू म्हणून इतकी वर्षं निरोपसमारंभाची भाषणं लिहून दिली आहेत, मागं हटलो नाही. म्हटलं, मनोहरराव साधे होते. कुणाच्या वाटेला जात नव्हते. माना हलल्या. म्हटलं, घरी आलेल्या माणसाला त्यांनी कधी एकट्यानं जेवू दिलं नाही. समोर पाट टाकून बसत. स्वतःला भूक नसली तरी बसत. भाजीत मीठ जास्त पडलं तर आपण बोलायच्या आधी तेच हसत. भाकर अर्धी राहिली की विचारत नव्हते, सरळ दुसरी टाकत. चवथ्या-पाचव्या भाकरीला आपण हात आडवा केला, तर हातावर वाढत. आणि सगळ्यात शेवटी जी भाकर तव्यावर राहून करपते ती...

तिथं माईकनं शिट्टी मारली. बरं झालं. मला पुढचं वाक्य आठवत नव्हतं.

मला वाटलं, भाषण जमलं. पंगत बसली. बुंदी चांगली होती, थोडी कमी पाकातली. वांग्याची भाजी तिखटजाळ. हात धुवायला गेलो तर मनोहररावांची बायको, म्हातारी, पदर डोक्यावर घेऊन टाकीजवळ उभी. माझ्याकडं पाहून काहीतरी बोलली. मागं भांड्यांचा खणखणाट होता, काय बोलली ते नीट ऐकू आलं नाही. मी हात जोडले आणि निघालो.

परतीच्या रस्त्यावर अमोल हसून हसून गाडी हलवत होता. “बाबूजी, तो मनोहरराव इतका खडूस होता, पोराले बी ताटावरून उठवे! तुमी कोणाची स्टोरी सांगून राहिले होते?” मलाही हसू आलं. तुलाही यावं म्हणून लिहिलं.

शुगरचं म्हणशील, तर होळीला अजून वेळ आहे.

तुझा,
शालिक


पांढुर्णा
९ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं, काना-मात्रा सोडून दिलेल्या. माझ्या दोन लांबलचक पत्रांना तुझ्या इतक्याच ओळी:

‘शालीक तू काय खाते ते मी ईचारत नाई. कोना संग जेवते ते सांग. मी बी ऐकटीच जेवतो. मागच्या खोलीत. आयकू येत नाई तर सगळ्यात बसून का करू. ते हसते मले समजत नाई. म्हून पूनम ताट ईकडेच आणून देते. तिची चूक नाई.’

पत्र वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. शाळेत गेलो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एका पोराचं नाव त्याच्या बापाच्या जागी लिहिलं. सारे हसले, मीही हसलो. पण कागद खिशात गरम लागत होता.

परवा होळीआधीची तपासणी आहे. शुगर उतरली नसणार, हे सांगायला रक्त काढायची गरज नाही. तिगावची बुंदी, वरूडच्या लग्नातले गुलाबजाम, कोणाच्या बारशाचा शिरा, सगळं त्या बाटलीत निघेल. सुई लागेल. सुईची भीती नाही वाटत. पुण्याची वाटते. तिथं आवतनं नसतात.

तर तू विचारलं त्याचं उत्तर.

त्या टाकीजवळ म्हातारी काय बोलली ते मला ऐकू आलं होतं. स्पष्ट. ती म्हणाली, “भाऊ, आमच्या बुढ्यानं तर कधी कोणाले पाणी नाई ईचारलं. तुमी ज्यायच्याबद्दल बोलले, ते तुमचे कोण होते?”

आवाजात राग नव्हता. नवऱ्याच्या तेरवीला उभी असलेली बाई, आणि मलाच विचारून राहिली.

मी म्हटलं, “बायको.”

तिनं टाकीतून तांब्या भरला, माझ्या हातावर पाणी घातलं. म्हणाली, “मंग पोट भरून जेवले का नाई?” मी हात जोडले. तुला लिहिलं होतं की भांड्यांचा खणखणाट होता. तो होताच, पण तिचं बोलणं बुडण्याइतका नव्हता.

ताई, घरी मी जेवू शकत नाही. हे कोणाला सांगितलं तर हसतील, म्हणून मीच आधी हसून घेतो. करायला सगळं जमते. ताट वाढून बसतो, पहिला घास मोडतो, आणि माझ्या चावण्याचा आवाज मला ऐकू येतो. अख्ख्या घरात तेवढाच आवाज. फ्रिज घरघरते, बंद पडते, मग तर अजूनच. टीव्ही लावून पाहिला. त्यातले लोक बोलतात, पण माझ्या ताटाकडं कोणी पाहत नाही. घास तोंडात फिरत राहतो, खाली उतरत नाही. मग उठतो, गायीला घालतो, आणि कुठं मांडव दिसते का पाहत बाहेर पडतो. मला बुंदी आवडत नाही, ताई. कधीच आवडली नाही. मला फक्त तो वाढणारा पाहिजे असतो, जो बादली घेऊन वाकते आणि म्हणते, ‘घ्या ना काका, अजून घ्या.’ तो रांगेत सगळ्यांनाच म्हणते, मला माहीत आहे. तरी.

त्या मॅडम म्हणाल्या होत्या, तुमची प्रायोरिटी काय. मी शुगर म्हटलं. खरं उत्तर त्यांच्या पडद्यावर नव्हतं, आणि माझ्याही जिभेवर आलं नाही. कोणीतरी समोर बसावं. बाकी त्यांनी ओट्स घातले काय आणि गवत घातलं काय.

इथं थोडं थांबलो होतो. दुसरी भाकर तव्यावर जळायला लागली होती.

मगापासून कागद ताटाच्या बाजूला घेऊनच बसलो आहे. ज्वारीची भाकर, मेथी, पातळ वरण, कांदा. डाव्या हातानं कागद धरला आहे आणि उजव्यानं दोन्ही कामं करतो, त्यामुळे पेन तेलकट झाला. वरती मेथीचा डाग पडला आहे, तो माझा. माफ कर.

तुला सांगायची गोष्ट म्हणजे, ‘भाऊ, आमच्या बुढ्यानं’ इथपर्यंत लिहिलं तेव्हा अर्धी भाकर संपली होती, आणि माझं लक्षच नव्हतं. घास कधी उतरला ते कळलं नाही. चावण्याचा आवाज आला नाही, कारण मी तुझ्याशी बोलून राहिलो होतो. पहिल्यांदा वाटलं, भास आहे. म्हणून पुढं लिहीत गेलो, मुद्दाम. दुसरी भाकर घेतली. मेथीत मीठ जास्त झालं आहे.

म्हटलं, फोटो राहिला. तसाच काढला, अर्धं खाल्लेलं ताट, बाजूला हा कागद. ग्रुपवर टाकला. मॅडमचं उत्तर लगेच आलं, “सर, प्लीज फोटो जेवायच्या आधी काढा.” संदीपरावांनी सवयीनं अंगठा दाखवला. श्रुतीनं काही दाखवलं नाही. तिचा फोन आला.

“बाबा.”

“काय गं?”

मागं तिच्या ऑफिसचा गलका ऐकू येत होता. मग म्हणाली, “इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ताटाला हात लागलेला दिसला.”

पोरीला कळत होतं, ताई. रोज अंगठा दाखवत होती आणि कळत होतं. मी तिला गायीचं सांगितलं. ती हसली, मग हसता हसता थांबली. म्हणाली, परवा तपासणीचं काय यायचं ते येऊ द्या, सुई लागली तर लागली, पुण्याचं आपण नंतर बोलू. तुम्ही आधी जेवा. मी म्हटलं, जेवूनच राहिलो आहे, तूच मधात बोलून राहिलीस.

आता तुझं. मागच्या खोलीत ताट आलं की हे पत्र उघड. ऐकू यायची गरज नाही, माझं अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. एक घास खा, दोन ओळी वाच. घाई करू नको, मीही सावकाशच लिहिलं आहे. मीठ जास्त झालं तिथं हस. आणि कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, उष्ट्या हातानंच, काय काय वाढलं होतं ते लिहून पाठव. काना-मात्रेचं मी पाहून घेईन. पूनमच्या हाताला चव आहे की नाही, तेही लिही; डिंक लावायला विसरू नको.

तिसरी भाकर घेतो आहे. कोणी आग्रह केला नाही, तरी घेतो आहे.

समोर बसून राहा, ताई.

अजून जेवून राहिलेला,
तुझा शालिक